सहा केसाळ बाप्यांची अंगाई

आमची श्रावस्ती नऊ महिन्यांची होईपर्यंत दुपारची झोपायची ती सहा केसाळ बाप्यांच्या भरवशावर. हे वाक्य मी एकदा सासूबाईंना पत्रात लिहिलं, आणि त्याचा खुलासा करण्यात पुढची तीन पत्रं गेली.

हे सहा जण एका कॅसेटच्या कव्हरावर स्टुलांवर बसलेले आहेत. मांडीवर गिटारी, समोर मेणबत्त्या आणि चेहरे असे, की सहाही जणांना एकाच दिवशी मुलीकडून नकार आलेला असावा. बँड लॅटिन अमेरिकेतला, गाणी स्पॅनिश. एरवी हे लोक विजेच्या गिटारी घेऊन धिंगाणा घालतात म्हणे. पण या कॅसेटपुरतं त्यांनी सगळं विजेचं सामान घरी ठेवलं, समोर दोन-तीनशे माणसं बसवली आणि साध्या लाकडी वाद्यांवर आपलीच गाणी हळू आवाजात म्हटली. आम्ही राहतो बहरीनमध्ये; माझा नवरा सुजीत इथल्या तुबली भागात एका गॅरेजात इलेक्ट्रिशियन आहे. रॉकवाले वीज वाचवतात ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. गॅरेजचा व्हेनेझुएलाचा फोरमन कायमचा गावी निघाला, तेव्हा त्यानं सुजीतला इस्त्रीचं टेबल, अर्धी बाटली व्हिनेगर आणि ही कॅसेट दिली. टेबलाचा पाय मोडला, व्हिनेगर कशात घालतात ते कळलं नाही, कॅसेट मात्र आमच्या घराचा खांब झाली.

पहिल्या गाण्याला श्रावू डोळे मोठे करून बघायची, दुसऱ्याला अंगठा तोंडात, तिसऱ्याला खलास. गंमत म्हणजे ती गाण्यानं झोपतच नव्हती. झोपायची टाळ्यांनी. गाणं संपलं, लोक टाळ्या पिटू लागले, की हिच्या पापण्या खाली. तिसऱ्या गाण्यानंतर गर्दीत कुणीतरी खोकतो, त्या खोकल्याला ती कूस बदलायची. मग दीड ते तीन माझे. त्या दीड तासात मी केस विंचरायची, पत्र लिहायची, आणि पुष्कळदा नुसतीच बसायची. नुसतं बसणं ही केवढी चैन आहे, हे पोर झाल्याशिवाय माणसाला कळत नाही.

आता प्रश्न विचाराल, की आई असताना कॅसेट कशाला? तर आई गायली की श्रावस्ती रडायची. हे मी हसत सांगते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. माझे वडील मनमाडच्या गायन पार्टीत पहिल्या आवाजाचे. भीमजयंतीला ते उभे राहिले की माइकवाला माइक बंद करून ऐकत बसायचा. भाऊही तसाच. माझ्या वाट्याला तेवढा पत्र्याचा आवाज आला. लेकीच्या कानाशी मी पहिली ओळ धरली, की ती आधी माझ्याकडे दयेनं बघायची आणि मग भोकाड पसरायची. म्हणून मी गाणं सोडलं आणि बटण दाबायला शिकले.

मे महिन्यात एका दुपारी टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली.

आधी मुख्य गायक पाण्यात बुडाल्यासारखा गायला, मग सहाही जण बुडाले, आणि झाकण उघडलं तर आतून शेवयांसारखी फीत बाहेर आली. संध्याकाळी सुजीतनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. तो इलेक्ट्रिशियन असल्यामुळे विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूपुढे तो हार मानत नाही, आणि हेच आमच्या घरातल्या अनेक वस्तूंच्या मृत्यूचं कारण आहे. त्यानं पेन्सिल, चिकटपट्टी आणि माझी नेलपॉलिश घेऊन शस्त्रक्रिया केली. फीत जोडली, पण पिळा देऊन. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर गाणी शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागली. टाळ्या आधी फुगायच्या आणि मग कुणीतरी त्या गिळून टाकल्यासारख्या बंद व्हायच्या. श्रावू इतकी घाबरली, की खालच्या मजल्यावरून घरमालकीण हलिमा धावत वर आली.

हलिमा बहरीनची. सात मुलं वाढवलेली बाई. तिनं दारातूनच विचारलं, "बेबी नोम मफी?" म्हणजे पोरगी झोपत नाही का. मी मान हलवली. "मफी मुश्किल," काही अडचण नाही, असं म्हणून तिनं श्रावूला खांद्यावर टाकलं, पाठीवर असे धपाटे घातले की माझाच श्वास अडकला, आणि दहा मिनिटांत झोपवून दिलं. मी तेच धपाटे दुसऱ्या दिवशी घातले. श्रावूनं मला चावा घेतला.

बातमी बिल्डिंगभर झाली आणि सल्ले येऊ लागले. वरच्या मजल्यावर शरच्चंद्रराव आणि स्मिताताई राहतात. दोघं पुण्याचे. राव बँकेत आहेत आणि इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस आहेत. यांपैकी दुसरी नोकरी ते जास्त मन लावून करतात. स्मिताताई वेखंडाची पूड घेऊन खाली आल्या.

"संघप्रिया, परदेशी गाणी कशाला ऐकवायची गं मुलांना? आपली अंगाई म्हणावी." मग थोडं थांबून, आवाज मऊ करून, "तुमच्यात अंगाई वेगळी असते का गं?"

"नाही हो ताई," मी म्हटलं, "आमच्यातही मूल मांडीवरच झोपतं."

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि वेखंडाची पूड जरा जास्तच ठेवून गेल्या.

सुजीतचा गॅरेजातला दोस्त दत्तू, अमरावतीकडचा, त्यानं वेगळाच सल्ला दिला. "वहिनी, काई टेन्शन नोका घेऊ. पोरीले गाडीत टाका आन् सीफच्या रस्त्यानं दोन चकरा मारा. आपोआप झोपते." आम्ही मारल्या. श्रावू टक्क जागी राहून दिवे मोजत होती. सुजीत मात्र सिग्नलला पेंगला आणि मागच्या गाडीतल्या शेखनं त्याला हॉर्नच्या भाषेत जे सांगितलं, त्याला भाषांतराची गरज नव्हती.

दुकानं पालथी घातली. एका कॅसेटवाल्यानं "लॅटिन? सब है!" म्हणून तीन कॅसेटी पुढ्यात टाकल्या. तिन्ही लग्नातल्या बँडबाजाच्या. शेवटी अमेरिकेत शिकणाऱ्या मामेभावाला, प्रबुद्धला, फोन केला. त्यानं तीच कॅसेट विकत घेऊन विमानटपालानं धाडली. बारा दिवसांनी पोस्टाची चिठ्ठी आली. चिठ्ठीत पार्सल नव्हतं; पार्सल तपासणीला थांबलं आहे, एवढी माहिती होती.

तपासणीच्या खिडकीमागे ताहिरसाहेब बसत. हसतमुख माणूस, हिंदी सिनेमांवर वाढलेलं हिंदी. त्यांनी आधी आम्हाला चहा पाजला. ज्या कचेरीत आल्याआल्या चहा मिळतो, तिथे काम होत नाही, हा अनुभव मी लिहून ठेवला आहे.

"सिस्टर, बाहेरून आलेली कॅसेट ऐकावी लागते. नियम आहे."

"ऐका ना साहेब. साठ मिनिटांची तर आहे."

"ऐकली. पण भाषा कुणाला समजत नाही. गाण्यात काय म्हणतात?"

मी सुजीतकडे बघितलं, सुजीतनं छताकडे. दोन महिने रोज ऐकलेल्या गाण्यांत ते लोक काय म्हणतात, याचा आम्ही दोघांनीही कधी विचार केला नव्हता. "प्रेमाबद्दल असावं," सुजीत म्हणाला. साहेबांच्या भुवया चढल्या. "म्हणजे... आईच्या प्रेमाबद्दल," सुजीतनं सावरलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, की असं स्पॉन्सरच्या लेटरहेडवर अरबीतून आणा.

सुजीतचा स्पॉन्सर म्हणजे गॅरेजचा मालक. त्याला रजेचा अर्ज समजतो, ओव्हरटाइमचा समजतो. "माझ्या गॅरेजात काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या मुलीला झोपण्यासाठी लागणारी गाणी सभ्य आहेत" असं पत्र त्यानं आयुष्यात दिलं नव्हतं. आठवडाभर "इंशाल्ला" झालं. मग पत्र मिळालं, पण टायपिस्टनं सवयीनं त्यात एअरकंडिशनरचे सुटे भाग असं लिहिलं होतं. ते बदलून घेण्यात आणखी एक आठवडा. पत्र घेऊन गेलो तर ताहिरसाहेब म्हणाले, "बहोत अच्छा. आता नीट ऐकतो. बुक्रा या." बुक्रा म्हणजे उद्या. पुढच्या चार आठवड्यांत आम्ही अकरा बुक्रा बघितले.

इकडे श्रावू दुपारभर जागी, म्हणून मी जागी. एकदा मी चहात मीठ घातलं आणि ते कळण्याआधी पिऊनही टाकलं. एका दुपारी तिला पायांवर घेऊन हलवता हलवता मीच रडायला लागले, आणि ती गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिली. रडताना माझा आवाज तिला चालत होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हिला झोप हवी आहे हे खरं, पण मला आणखी काहीतरी हवं आहे. तिनं एकदा तरी माझ्या आवाजाला झोपावं. पण असलं कुणाला सांगता येत नाही. मी सुजीतला एवढंच म्हटलं, "कॅसेटचं काय झालं बघा."

शेवटी शरच्चंद्ररावांनी प्रकरण हातात घेतलं. जिना उतरता उतरताच ते म्हणाले, "लाइव्ह कॅसेट म्हणजे आहे काय हो? माणसं, वाद्यं आणि टाळ्या. आपण रेकॉर्ड करू. मंडळाचा मयुरेश गिटार वाजवतो, तुमचा तो दत्तू ढोलकी. शुक्रवारी सकाळी, तुमच्याच हॉलमध्ये. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणा."

कल्पना चांगली होती. चूक एवढीच झाली, की ती मराठी माणसांनी अमलात आणली.

बुधवारी बैठक झाली. बैठकीत कार्यक्रमपत्रिका ठरली. मी दोनदा म्हटलं, की फक्त चार गाणी आणि टाळ्या हव्या आहेत. "ते होईलच," राव म्हणाले, "पण सुरुवात अशी एकदम कशी करणार?"

शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये सव्वीस माणसं मावली. एअरकंडिशनरची घरघर टेपमध्ये येते म्हणून सुजीतनं तो बंद केला. जुलै महिना होता. बहरीनमध्ये जुलैत एअरकंडिशनर बंद करणं हा गुन्हा नसेल, पण असायला हवा. पाच मिनिटांत सगळे भिजले. माइकला रुमाल गुंडाळला, लाल बटण दाबलं, आणि राव प्रास्ताविकाला उभे राहिले.

प्रास्ताविक बारा मिनिटं चाललं. त्यात आखातातल्या मराठी माणसाची वाटचाल आली. मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय. प्रमुख पाहुणी कोण, तर श्रावस्ती. तिचा जन्म सलमानियाच्या इस्पितळात झाला इथपासून, तिला दोन दात आले आहेत इथपर्यंत. मग तिचा सत्कार. तिनं सत्काराचं गुलाबाचं फूल खाल्लं. ते तोंडातून काढण्यात चार मिनिटं गेली, तीही रेकॉर्ड झाली. मग स्मिताताईंचं मनोगत. मग दत्तू उठला आणि म्हणाला, "जय भीम. मी काई बोलत नाई," आणि सात मिनिटं बोलला. अखेर मयुरेशनं गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले, हात वर नेला, आणि टेपरेकॉर्डरनं खट् आवाज केला. ए बाजू संपली होती. तिच्यावर एकही सूर नव्हता.

कॅसेट उलटली. बी बाजूवर मयुरेशनं पहिलं गाणं काढलं. घामानं बोटं घसरत होती. दुसऱ्या कडव्याला एक तार तुटली आणि स्मिताताईंच्या कानाजवळून गेली. दत्तूनं ढोलकीवर थाप दिली ती लग्नाच्या वरातीची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ओल्या हातांच्या टाळ्या, त्या धुणं आपटल्यासारख्या आल्या. आणि श्रावू? ती आनंदानं किंचाळत सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरत होती. इतकी जागी मी तिला कधीच बघितली नव्हती.

दुसऱ्या गाण्याला दुसरी तार गेली. राव घड्याळ बघून उठले. "वेळेअभावी," ते म्हणाले, "आपण आभारप्रदर्शनाकडे वळू या."

आणि त्यांनी सुरू केलं. त्यांचा आभाराचा एक खास आवाज आहे. ना वर, ना खाली. देवळातल्या समईसारखा एका उंचीवर जळणारा. "ज्यांनी सतरंज्या उपलब्ध करून दिल्या... ज्यांनी चहापानाची जबाबदारी स्वीकारली..." श्रावू माझ्या मांडीवर आली. "ज्यांनी जिन्यात चपलांची व्यवस्था पाहिली..." तिनं अंगठा तोंडात घातला. "तसंच, ज्यांची नावं अनवधानानं राहून गेली असतील..." पापण्या खाली.

झोपली!

सव्वीस माणसांनी श्वास रोखला. रावांचं भाषण संपलं होतं. ते थांबले. श्रावूची पापणी थरथरली, ओठ वाकडा झाला. सुजीत कळवळून कुजबुजला, "राव, थांबू नका! चालू ठेवा!"

मग त्या माणसानं जे केलं, त्याला तोड नाही. त्यांनी लिफ्टचे आभार मानले, कारण ती आज चालू होती. खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याचे मानले. ज्या टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली नसती तर आपण आज एकत्र आलो नसतो, त्याचे मानले. गॅरेजचे, गॅरेजच्या मालकाचे, इस्त्रीच्या मोडक्या टेबलाचे. त्या सहा केसाळ कलावंतांचे, "जे आज आपल्यात उपस्थित राहू शकले नाहीत." घाम हनुवटीवरून गळत होता, पण आवाज समईसारखा स्थिर. शाळेतले मास्तर झाले, बँकेतले वरिष्ठ झाले. मग आभार मानायला कुणी उरेना. ते चाचपडले, इकडे तिकडे बघितलं, आणि त्याच आवाजात म्हणाले, "माझी पत्नी सौभाग्यवती स्मिता. जी एकोणीस वर्षं माझी भाषणं ऐकते आहे."

स्मिताताईंनी पदर चेहऱ्याला लावला. घाम पुसायला एवढा वेळ लागत नाही.

"आणि सर्वांत शेवटी," राव म्हणाले, "या बाळाची आई. जी दोन महिने झोपलेली नाही. आम्ही सगळ्यांनी तिला सल्ले दिले. पोरीला तासभर सांभाळतो, असं कुणी म्हटलं नाही. तिचे आभार मानायचे राहूनच..."

खट्. बी बाजू संपली. त्या आवाजानं श्रावूनं डोळे उघडले.

रावांचा घसा बसला होता. मयुरेशच्या तारा गेल्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती, ओठ वाकडा करून. सव्वीस माणसांसमोर, पहिल्या आवाजाच्या बापाची लेक असून, मी तोंड उघडलं आणि जे आलं ते म्हटलं. चालही धड नव्हती. अर्धी बाबांची, अर्धी त्या सहा बाप्यांची.

"नीज गं श्रावू, खारं गं वारं,
एसी निजला, निजलं दार,
बाबाच्या शिफ्टचा वाजला भोंगा,
नीज गं नीज, मिटव डोळा..."

चार ओळी झाल्या. पुढे सुचेना. मी थांबले. पत्र्यावर खडा पडावा तसा माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला असेल. आता ही भोकाड पसरणार, म्हणून मी मान खाली घातली.

श्रावस्तीनं दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या.

आयुष्यात पहिल्यांदा. दोन महिने त्या कॅसेटनं तिला एकच गोष्ट शिकवली होती: गाणं संपलं, की टाळ्या वाजवायच्या. तिनं त्या माझ्यासाठी वाजवल्या. कॅसेट संपलेली असल्यामुळे याचा काही पुरावा नाही. "पाहिलं का बे!" एवढंच दत्तू म्हणाला, आणि ढोलकीच्या आड नाक ओढत बसला.

शनिवारी ताहिरसाहेबांचा निरोप आला. कॅसेट मंजूर. गेलो तर खिडकीवर चहा नव्हता. साहेब पार्सल हातात धरून होते, पण पुढे सरकवत नव्हते.

"सिस्टर, एक सांगू? तपासायला घरी नेली होती. माझी बिंत, म्हणजे बेटी, सात महिन्यांची आहे. दुपारी अजिबात झोपायची नाही." त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "आता तिसऱ्या गाण्याला..."

"खोकल्याला कूस बदलते?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

म्हणजे आमचे अकरा बुक्रा त्या पाळण्यात झोपले होते. सुजीतचा चेहरा लाल झाला; तो काही बोलणार, तेवढ्यात मी पार्सल साहेबांच्या बाजूला परत सरकवलं. "ठेवा," मी म्हटलं, "पण टेपरेकॉर्डरचं हेड पुसत जा. नाहीतर खातो तो."

"वेडी आहेस का तू?" गाडीत सुजीत म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं.

दीड वाजता श्रावूला पायांवर घेतलं. चार ओळी म्हटल्या. तिनं टाळ्या वाजवल्या. परत म्हटल्या, परत टाळ्या. झोपायचं नाव नाही. रावांची कॅसेट टेपजवळ तयार होती, सुजीतनं बटणावर बोटही ठेवलं होतं. मी मानेनंच नको म्हटलं आणि सातव्यांदा सुरुवात केली. चौथी ओळ संपली. तिनं हात वर केले, जवळ आणले, आणि ते एकमेकांना लागायच्या आधी मध्येच थांबले. तळव्यांत दोन बोटांचं अंतर ठेवून ती झोपून गेली.

सुजीतनं दोन्ही हात वर केले. मी असे डोळे वटारले, की त्यानं ते खिशात घातले. मग मी मनातल्या मनात आभारप्रदर्शन केलं. दोन वाक्यांत उरकलं, आणि तीन वाजेपर्यंत नुसती बसून राहिले.